पायपेटीचा लिलाव

आमच्या घरात आईचे पाय कधी स्वस्थ नसायचे. तांदूळ निवडायला खुर्चीत बसली, की पाय सुरू. एक खाली, एक वर, एक खाली, एक वर. शेजारची कुणी बोलायला आली आणि दोघी टेबलाशी बसल्या, तरी टेबलाखाली तोच कारभार. आण्णा, म्हणजे माझे वडील, चेष्टा करायचे, "सगुणा, निघालीस कुठं एवढी? रंकाळ्यापत्तर पोचलीस का न्हाय अजून?" ती हसायची नाही. पायांकडं बघायची, जरा थांबायची, आणि बोलणं दुसरीकडं वळलं की पुन्हा चालू. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती आमच्या मंडळीची पायपेटी वाजवत होती. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. आम्ही चर्चला जातो असं कमी म्हणतो, मंडळीत जातो म्हणतो. पेटी आठवड्यातून एकदा वाजायची, पाय मात्र सातही दिवस.

ती पेटी कुठल्याशा मिशनबाईनं मायदेशी जाताना मागं ठेवलेली. उभी, टेबलाच्या उंचीची, खाली दोन पायटे. पायटे दाबत राहिलं की भात्यात हवा भरते आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात. एकदा भात्याचं कातडं चिरलं तेव्हा आई चप्पल शिवणाऱ्याकडं गेली आणि कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचं ठिगळ लावून आली. त्या चांभारानं आयुष्यात पहिल्यांदा पेटीला चप्पल घातली असेल! पावसाळ्यात त्या ठिगळाचा वास पुढच्या बाकापर्यंत यायचा. शिवाय कोमल निषादाची एक पट्टी दाबली की वर यायची नाही. आई ती करंगळीच्या नखानं उचलायची, गाणं न थांबवता, कुणाला पत्ताही लागू न देता. त्या नखाला मी कधी मेंदी लावलेली बघितली नाही. मेंदीच्या दिवसांतही ती करंगळी कोरीच असायची.

आम्ही राहायचो चर्चच्या आवारातच, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. आण्णा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. रविवारी सकाळी आई मटण स्टोव्हवर बारीक जाळावर चढवून द्यायची, झाकणावर पाण्याचं ताट ठेवायची आणि मग पदर सावरत पेटीवर जायची. तिसऱ्या गीताला पांढऱ्या रश्श्याचा वास खिडकीतून आत यायचा आणि उपदेश ऐकणारी सगळी माणसं भुकेनं वळवळायला लागायची. पाळकसाहेब म्हणायचे, सगुणाबाईंचं पातेलं माझा उपदेश आवरता घेतं. (आता डॉक्टरांनी माझं मटण बंद केलंय. त्यांचं काय जातंय सांगायला?) आमच्याकडं दोन तऱ्हेची गाणी होती. एक सायबाच्या चालीची, सावकाश, जड. दुसरी आपली भजनं, तबला आणि झांजेवरची. आईला दोन्ही यायची. पण तिची खरी करामत वेगळीच होती. पुढच्या सतरंजीवर म्हाताऱ्या बायका बसायच्या, त्यांना ओळीच्या शेवटी दम लागायचा. आई तिथं सूर धरून ठेवायची. पायानं हवा भरत राहायची, आणि सगळ्यात म्हातारीचा श्वास भरून झाला की मगच पुढची ओळ. कुणाला मागं सोडून गाणं पुढं गेलंय असं मी आमच्या मंडळीत कधी ऐकलं नव्हतं.

आण्णांचं राज्य वर्षातून एका दिवसाचं. कापणीच्या सणाला लोक पिकलेलं आणि पाळलेलं घेऊन यायचे. राधानगरीकडचे तांदूळ, उसाच्या मोळ्या, गुळाच्या ढेपा, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. सगळं वेदीपुढं रचायचं, पाळकसाहेबांनी त्यावर अर्पणाची प्रार्थना करायची, आणि उपासना सुटली की बाहेर चिंचेखाली लिलाव. लिलाव आण्णांनीच करायचा. घरात मोजकंच बोलणारा माणूस त्या दिवशी असा सुटायचा की विचारू नका. "बघा, बघा, कसा भोपळा हाय! पोलिसपाटलाच्या पोटागत! कोन बोलतंय?" गावातले इतर लोकही मौजेला आणि स्वस्ताईला यायचे. आण्णांचा एकच नियम, प्रार्थना झाली की वेदीपुढचं काही परत न्यायचं नाही. देवाला दिलं ते दिलं. मी सातएक वर्षांची असताना माझी लाली, माझ्या हातून दाणे खाणारी कोंबडी, माझ्यामागोमाग आत शिरली आणि तांदळाच्या पोत्यांत जाऊन बसली. प्रार्थना झाली, आणि ती सापडली. मी आण्णांच्या पायांना मिठी मारून रडले. त्यांनी मला एका हातानं बाजूला केलं आणि दुसऱ्या हातानं लालीला वर धरलं. योहानमामांनी ती घेतली, आणि त्याच संध्याकाळी खाल्ली. योहानमामा आमच्या मंडळीतले थोरले वडील. आमच्यात कारभार बघणाऱ्यांना वडील म्हणतात. ते मिशा पुसत घरावरून गेले ते मी अजून विसरले नाही, आणि विसरणारही नाही.

मग मंडळीला उतरती कळा लागली. पाळकसाहेबांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. इचलकरंजीचे एक पाळक महिन्यातून एकदा यायचे, एसटीच्या लाल डब्याला लोंबकळत, अंगरखा पिशवीत घालून. बाकीचे रविवार वडीलमंडळींनी ओढायचे. आण्णाही त्यांतलेच, पण बाकीची सगळी पेन्शनीतली, एकाला ऐकू येत नाही तर दुसऱ्याला दिसत नाही. त्यातच स्टेशनापलीकडच्या मंगल कार्यालयात एक नवी संगती, म्हणजे नव्या तऱ्हेची प्रार्थनासभा, सुरू झाली. तिथं गिटार, ड्रम, टाळ्या, खुर्च्या, पंखे. आमची तरणी पोरं एकेक करून तिकडं सरकली. आधी उशिरा यायला लागली, मग एक रविवार इकडं, एक तिकडं, आणि मग रस्त्यात भेटली की "काय काकू, बरं हाय न्हवं?" म्हणून मान खाली घालून जायला लागली. एका रविवारी मागचे चार बाक पूर्ण रिकामे होते. आण्णा वाचन करायला उभे राहिले आणि त्या रिकाम्या बाकांकडं बघत एवढा वेळ गप्प राहिले, की योहानमामांना वाटलं, ऐकू येईनासं झालं ते आपल्यालाच.

आणि आमचाच आशू तिकडं ओढला जात होता. आशू माझा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. डिप्लोमा करत होता, आणि हाताला वाद्य लागलं की ते त्याचं होऊन जायचं. आईचेच हात होते ते. एकदा जेवताना त्यानं ताटावरच विषय काढला. "आण्णा, तुमची मंडळी म्हंजे म्युझियम झालंय." आण्णा म्हणाले, "म्युझियमला बी लोक तिकीट काढून येत्यात लेका. तुमी फुकट बी येईनासा." आशू हसला नाही. म्हणाला, "कीबोर्ड आणूया. मी वाजवतो. पोरं परत येत्यात का न्हाय बघा. न्हायतर मी बी जातो तिकडं, आधीच सांगतो." आई भाकरी थापत होती. तिची थाप थांबली नाही, पण ती म्हणाली, "मला शिकीव की त्यो तुझा कीबोर्ड. शिकतो मी." (कोल्हापुरात बायकाही 'करतो, जातो'च म्हणतात, पुण्यातल्या माझ्या सुनेला याचं फार हसू येतं.) आशू म्हणाला, "आई, त्याला पाय लागत न्हाईत." वाईट मनानं नाही म्हणाला तो. खरं तेच म्हणाला. पण आईनं पुढची भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत उलटलीच नाही.

वडीलमंडळींची बैठक ठरली. चर्चच्या मागच्या बारक्या खोलीत व्हायची ती बैठक, आणि तिथला चहा नेहमी आमच्या घरून जायचा. त्या दिवशीही गेला. म्हणजे जिला पेटीवरून उठवायचं की नाही हे ठरत होतं, तिनंच त्यांच्या चहात आलं किसून घातलं. काय म्हणायचं याला! मी किटली आणि कप घेऊन गेले, भडंगाचं ताट घरीच विसरले. दाराशी पोचले तेव्हा योहानमामा म्हणत होते, "तर पेटी काढायची आणि कीबोर्ड ठिवायचा. कोन कोन बाजूनं हाय, हात वर करा." दोन हात वर, दोन खाली. राहिले आण्णा. ते खाली बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि हात वर केला. पूर्ण नाही, खांद्याएवढाच. वर्गात उत्तर येत नसलेलं पोर करतं तसा. मला त्यांचा राग आला नाही तेव्हा. मला कळत होतं ना! एकीकडं बायको, एकीकडं पोरगा. बायको कुठं जाणार नव्हती, पोरगा चालला होता. मी कप ठेवले आणि निघाले, तर भडंगाचं ताट बाहेर पायरीवर ठेवलेलं. मी ते उचलून आत दिलं आणि घरी आले. आई चुलीपुढं होती, पाठ करून.

संध्याकाळी आण्णा घरी आले, हातपाय धुतले, आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "बहुमत झालं सगुणा. माझं एकट्याचं काय चालनार?" आई म्हणाली, "बरं." तेवढंच. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी दिव्याची काच पुसत होते, ती पुसतच राहिले. कापणीच्या सणाला नवं वाद्य सुरू करायचं ठरलं होतं. सण म्हणजे भरलेली मंडळी, बाहेरगावची माणसं, सगळी पोरं. आशू आठवडाभर हवेत होता. त्यानं कुणाकडून तरी कीबोर्ड उसना आणला आणि घरात सराव सुरू केला. त्यात तबला होता, ड्रम होता, बासरी होती, बटण दाबलं की अख्खा बँड. आई स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा दारात येऊन तिनं विचारलं, "हे थांबतंय कवा?" आशू म्हणाला, "थांबत न्हाई, हेच तर भारी हाय की याचं!"

सणाच्या सकाळी घोळ झाला तो असा. कीबोर्डला जागा करायला आशूनं आणि त्याच्या मित्रांनी पायपेटी उचलून वेदीच्या डाव्या अंगाला, भिंतीशी नेऊन ठेवली. तेवढ्यापुरतीच. मग पोरं वायरी जोडायच्या नादाला लागली. इकडं खेड्यावरच्या बायका आल्या, डोक्यावर बोचकी, काखेत भोपळे, आणि दरसाल रचतात तिथं रचू लागल्या. कुणी पेटीवर गुळाच्या ढेपा ठेवल्या, कुणी तिला उसाच्या मोळ्या टेकवल्या. एका म्हातारीला वाटलं ही कुणी देवाला दिलीय, तिनं झेंडूची माळ आणून पेटीच्या झाकणावर घातली. इचलकरंजीचे पाळकसाहेब उशिरा आले, घाम पुसत वेदीशी गेले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "हे प्रभो, इथं जे जे आहे ते सर्व तुला अर्पण." सगळे म्हणाले, आमेन. आईही म्हणाली. ती त्या दिवशी पहिल्यांदाच बायकांच्या सतरंजीवर बसली होती, माझ्याशेजारी. तिनं डोळे उघडले, समोर बघितलं, आणि माझं मनगट धरलं. एवढं घट्ट, की बांगडी रुतली.

लिलाव सुरू झाला आणि आण्णा सुटलेच नाहीत. भोपळ्यावर एक विनोद केला, तोही गेल्या सालचा. चिंचेखाली ढीग कमी कमी होत गेला, आणि ढेपा गेल्या, ऊस गेला, तेव्हा पोरांनी उत्साहात ढिगाबरोबरच बाहेर आणून ठेवलेली पायपेटी उघडी पडली. गळ्यात झेंडूची माळ.  आशूचा चेहरा उतरला. तो पुढं आला, "आण्णा, ही चुकून... आमी नुसती बाजूला ठिवलीती." लोक कुजबुजायला लागले. पाळकसाहेब म्हणाले, "आपण जरा विचार करू या." आण्णा काही बोलणार, तेवढ्यात योहानमामा खाटेवरून खणखणीत म्हणाले, "इचार कसला? प्रार्थना झाली न्हवं? लेकीच्या कोंबडीला एक नियम आणि बायकोच्या पेटीला दुसरा?" मेल्यानं माझी कोंबडी खाल्ली ती खाल्ली, आणि वर तिची साक्ष काढली! कुणी हसलं नाही. आण्णांनी आईकडं बघितलं. आईनं आण्णांकडं. मग आण्णा घसा खाकरून म्हणाले, "पायपेटी. वाजती हाय. कोन बोलतंय?"

मंडळीतला कुणी तोंड उघडेना. कुणाची छाती होणार? तेव्हा आई उठली. इतक्या वर्षांत तिनं लिलावात कधी शब्द काढला नव्हता. ती म्हणाली, "मी बोलतो," आणि तिच्यापाशी कोंबड्या-अंड्यांचं जे काही साठलेलं असेल तेवढा आकडा सांगितला. आण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी घाईघाईनं पुकारलं, "एक वार!" आणि मागून आवाज आला, "त्याच्यावर माझं." गडहिंग्लजकडचे एक गुळाचे व्यापारी होते, दरसाल आमच्या लिलावाला हौसेनं यायचे. कपाळाला विभूती, बोलण्यात अर्धं कानडी. त्यांच्या गावी मठात भजन चालायचं, त्यासाठी त्यांना पेटी हवी होती. त्यांना काय माहीत, कुणाची पेटी आणि कोण बोलतंय! आई पुढं बोलली. ते हसत आणखी पुढं बोलले. लिलाव म्हटल्यावर असंच असतं. आई पुन्हा बोलली, पण या खेपेला आवाज चिरकला. मला तिचा जमाखर्च माहीत होता, तिच्याकडं एवढं नव्हतं. ते पुढं बोलले. आणि आई खाली बसली.

"एक वार," आण्णा म्हणाले. "दोन वार." आणि थांबले. चिंचेवर कावळे ओरडत होते, आवाराबाहेर कुणी स्कूटर चालू करत होतं, ती होईना. मी मनात ओरडत होते, आण्णा, घेरी येऊन पडा. आण्णा, काहीही करा. आशू कीबोर्डचं वायरचं भेंडोळं छातीशी धरून उभा होता आणि रडत होता, चांगला मिशा फुटलेला पोरगा. आण्णा माझ्याकडं बघत होते असं मला अजून वाटतं. माझ्याकडं, आईकडं नाही. "तीन वार," ते म्हणाले, इतक्या हळू की गडहिंग्लजच्या पावण्यांनी विचारलं, "झालं काय?" मग कुणीतरी त्यांना कानात सांगितलं, पेटी कुणाची ते.

बिचारा माणूस! टेंपो आमच्या दाराशी आणून उभा केला आणि स्वतः उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा राहिला. "अक्का, मला ठावं नव्हतं. तुमचं हाय, तुमी ठिवून घ्या. देवाचं पैसं मी दिलंय, ते दिलं. पेटी तुमची." आण्णा आतून लगबगीनं आले. एवढी आशा मी त्यांच्या तोंडावर पुन्हा कधी बघितली नाही. आशू म्हणाला, "आई, घे. घे गं." आईनं पदरानं हात पुसले. ती टेंपोजवळ गेली, माळ काढून बाजूला ठेवली, झाकण उघडलं. "पावणं, न्या तुमी," ती म्हणाली. "ह्यो एक सूर वर येत न्हाई. करंगळीनं असा उचलावा लागतोय. बघा. असा." तिनं तीन-चारदा करून दाखवलं, त्यांच्याकडून करून घेतलं. "आणि भात्याचं कातडं उंदरांपासनं जपा, चपलेचं हाय." टेंपो वळला, फाटकातून गेला. आई घरात आली आणि रश्श्याला फोडणी दिली. त्या दिवशी रस्सा कुणालाच गेला नाही. पातेलं तसंच राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मी ते गाईपुढं तरी कसं ओतणार, म्हणून मातीत ओतलं.

सणाला वायरी जुळल्याच नव्हत्या, म्हणून कीबोर्ड पहिल्यांदा वाजला तो पुढच्या रविवारी. आशूनं बटण दाबलं आणि तबला सुरू झाला. पहिली ओळ झाली, म्हाताऱ्या श्वास घ्यायला थांबल्या, आणि तबला पुढं निघून गेला. त्या अर्धी ओळ मागं राहिल्या. मग पुरुष मागं राहिले. आशू घामाघूम होऊन कुणासाठी तरी थांबायला बघत होता, पण ते यंत्र थांबतंय कुठलं! दुसऱ्या कडव्याला नुसता कीबोर्ड वाजत होता आणि आम्ही सगळे पुस्तकात बघत होतो. सतरंजीवरची सगळ्यात म्हातारी आईकडं वळून केविलवाणी म्हणाली, "सगुणा, अगं धर की गं." आई समोर बघत होती. माझं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. पाय गप्प होते. मला वाटलं, मंडळीत आहे म्हणून. घरी आलो, तिनं खुर्चीत बसून तांदूळ घेतले. पाय गप्प. मी दिवसभर टेबलाखाली वाकून वाकून बघत राहिले. तेव्हा मात्र मी घाबरले. आठवड्यानं आण्णांच्याही ध्यानात आलं. ते म्हणाले, "सगुणा, आज कुठं निघाली न्हाईस?" आणि मोरीत जाऊन उगाच पाणी सोडून बसले.

पोरं परत आली का? चार-दोन आली, नवलाई सरली तशी गेली. आशूला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला, आणि तिथं कुठल्यातरी गिटारवाल्या संगतीत रमला. कीबोर्ड ज्याचा होता त्याला परत गेला. ज्यासाठी हात वर केला होता ते सगळं असं वर्षा-दीड वर्षात हातातून गेलं, आणि आमच्याकडं ना पेटी ना कीबोर्ड. नुसत्या तोंडानं गाणी, तीही घसरत घसरत कुठल्या कुठं जायची. पुढच्या चार-पाच वर्षांत वडीलमंडळींतला एक वारला, एक अंथरुणाला खिळला. मग योहानमामा काठी टेकत आमच्या घरी आले. आईनं त्यांना जेवायला वाढलं. जेवून झाल्यावर ते म्हणाले, "सगुणाबाई, तुमी वडील व्हा आता. बायामाणसांतनं घ्यायचं ठरलंय. मंडळी बंद पडती हो." एवढे रडवेले झाले होते, की मी त्यांना लालीही माफ करायच्या बेतात होते. आई म्हणाली, "मला नगं. हिला घ्या." आणि माझ्याकडं बोट केलं. मी पंचविशीची, लग्न न ठरलेली पोर. जी मंडळी असल्या पोरीला वडील करते ती किती गळ्याशी आली असेल बघा! आशू फोनवर म्हणाला, "आता तुला वडील म्हणू का वडीलबाई?" दुसऱ्या दिवशी मी भांबावून आण्णांनी सोडलेल्या जागी बैठकीत बसले. पहिल्याच बैठकीत मी एक गोष्ट मागून घेतली. हात वर करून काही ठरवायचं नाही, ज्याच्याविषयी ठरतंय त्याला समोर बसवून बोलायचं. आजवर तसंच चालतं. त्यामुळं आमच्या बैठका फार लांबतात, आणि चहा दोनदा करावा लागतो.

आई गेली ती काही वर्षांनी, एका दुपारी. आजार लांबला होता. आशू पुण्याहून आला होता, गिटार घेऊन. त्याशिवाय तो कुठं जातच नाही. आण्णा पलंगाशी बसले होते आणि बराच वेळ काहीतरी बोलू बघत होते. शेवटी म्हणाले, "सगुणा, तीन वार म्हनायला नको हुतं मी." इतक्या वर्षांत त्या दिवसाचं नाव घरात निघालं नव्हतं. आईनं डोळे उघडले. आवाज अगदी बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ. "म्हनायलाच पायजे हुतं. देवाला दिलं ते दिलं. पावणं परत देत हुतं तवा ठिवून घेतली असती की मी." मग दम खाऊन म्हणाली, "भडंगाचं ताट घेऊन मागनं आलतो मी, त्या दिवशी. दारातनं बघितलं. तुमी हात वर केलासा."  मी आण्णांकडं बघू शकले नाही. ते उठले, पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसले, आणि चादरीवरून तिचे पाय चेपू लागले.

आशूला काय करावं कळेना, म्हणून त्यानं गिटार घेतली. आईच्या आवडीचं ते जुनं, सायबाच्या चालीचं गाणं लावलं. सावकाश. ओळ संपली की थांबायचा, आईचा श्वास वर येईपर्यंत, आणि मग पुढची ओळ. कुणी शिकवलं होतं त्याला? शिकवायला काय, पोटात असल्यापासून ऐकलेलं. दुसरं कडवं सुरू झालं आणि आण्णा दचकून मला म्हणाले, "सुवे, हलत्यात गं." मला खरं वाटेना. मी जाऊन बघितलं. आण्णांनी चेपणं सोडून हात बाजूला घेतले होते, आणि चादरीखाली पाय चालले होते. एक खाली, एक वर, एक खाली, एक वर. तिसऱ्या कडव्याच्या शेवटाला ते थांबले. गाणं पाच कडव्यांचं होतं. आशू ओळीच्या शेवटी श्वासासाठी थांबून राहिला, बराच वेळ थांबून राहिला, आणि मग आण्णा म्हणाले, "वाजीव रे. पुरं कर."